सुट्टीनंतरच्या सकाळी सीरियल टर्मिनलवर लॉगिन येत नाही: कारण आणि उपाय

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. तेथील कार्यालयात डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर चालणारा एक संगणक असून त्याला मॉनिटर जोडलेला नाही. यंत्रमागांच्या शेडपलीकडे घडीखाते आहे. तेथे एक जुने सीरियल टर्मिनल, म्हणजे केबलने संगणकाला जोडलेला नुसता पडदा व कळफलक, ठेवले आहे, आणि घडी घालून बांधलेल्या गठ्ठ्यांची नोंद तेथील माणसे त्यावरून लॉगिन करून थेट कार्यालयातील संगणकात करतात. आजच्या काळात सीरियल टर्मिनल कशाला, असे मला पुष्कळ जण विचारतात. घडीखात्याच्या हवेत सुताचे तंतू सतत उडत असतात, एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि अशा जागी पंख्याचा संगणक ठेवला की थोड्याच दिवसांत त्याच्या पंख्यावर तंतूंची गादी बसते. टर्मिनलला पंखाच नाही, म्हणून ते टिकते.

तक्रार पुढीलप्रमाणे होती. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शेडचा मुख्य स्विच बंद केला जातो आणि त्याबरोबर टर्मिनलही बंद होते. कार्यालयातील संगणक मात्र यूपीएसवर चालूच राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टर्मिनल सुरू केले की लॉगिनची ओळ दिसण्याऐवजी पडद्यावर प्रश्नचिन्हे, चौकोन आणि अर्थहीन अक्षरे उमटत. घडीखात्यातील मामांचा फोन येई, "सर, परत किड्या-मुंग्या आल्यात." मी जाऊन संगणक पुन्हा सुरू केला की सर्व सुरळीत होई, आणि पुढच्या सुट्टीनंतर तेच चित्र पुन्हा दिसे. एखाद्या आठवड्यात काहीही न करता लॉगिन व्यवस्थित येई, आणि त्यामुळे मी आधीच्या आठवड्यात जे काही केले असेल त्यालाच त्याचे श्रेय देऊन मोकळा होई.

अशा रीतीने मी केबलची टोके नव्याने डाखली, टर्मिनल बदलून पाहिले आणि अर्थिंगलाही दोष दिला. दोन गोष्टींकडे मात्र माझे लक्ष उशिरा गेले. संगणक पुन्हा सुरू केला की दोष जात असे, पण केवळ लॉगिनची सेवा पुन्हा सुरू केली तर तो जात नसे. केबल खराब असती तर संगणक पुन्हा सुरू केल्याने ती दुरुस्त झाली नसती, आणि दोष सेवेतच असता तर सेवा पुन्हा सुरू केल्याने तो गेला असता. म्हणजे या दोहोंच्या मधल्या कोणत्यातरी ठिकाणी, सेवा बंद झाली तरी पुसली न जाणारी पण संगणक बंद झाल्यावर पुसली जाणारी, अशी एक चुकीची गोष्ट साठून राहत होती. ती गोष्ट म्हणजे सीरियल पोर्टचा, म्हणजे टर्मिनलची केबल संगणकाला जेथे जोडतात त्या जोडणीचा, वेग (सेकंदाला किती बिट).

खाली आज्ञा आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच द्यावीत.

आधी मोजणी पाहावी

लिनक्सवर संगणकाच्या अंगच्या सीरियल पोर्टसाठी /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सीरियल ही फाइल फार उपयोगाची आहे, आणि तरीही ती उघडून पाहणारे थोडेच. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून ती वाचली की प्रत्येक पोर्टपुढे त्याची चिप, पत्ता व इंटरप्ट दिसतो. पहिल्या पोर्टसाठी, म्हणजे टीटीवायएस० साठी, सर्वसाधारणपणे १६५५०ए, ३एफ८ आणि ४ असे लिहिलेले असते. चिपच्या जागी अज्ञात असे आले तर त्या पत्त्यावर पोर्टच नाही किंवा तो बायोसमध्ये बंद आहे, असे समजावे आणि पुढचे सर्व सोडून तिकडे पाहावे. त्यानंतर टीएक्स व आरएक्स हे किती अक्षरे गेली आणि किती आली याचे आकडे असतात. काही बिघडलेले असेल तरच त्यापुढे एफई, पीई, बीआरके आणि ओई ही चार नावे उमटतात. एफई म्हणजे अक्षराची चौकट चुकली, पीई म्हणजे पॅरिटी, म्हणजे चूक ओळखण्यासाठी जोडलेला तपासणी बिट, चुकली, बीआरके म्हणजे ब्रेक आला आणि ओई म्हणजे अक्षर उचलण्याआधीच त्यावर दुसरे येऊन पडले. ओळीच्या शेवटी आरटीएस, सीटीएस, डीटीआर, डीएसआर, सीडी या नियंत्रण-संकेतांच्या तारांपैकी त्या क्षणी ज्या उठलेल्या, म्हणजे सक्रिय, असतील त्यांची नावे येतात.

या एका ओळीवरून निम्मे निदान होते. टर्मिनलवर कळ दाबूनही आरएक्स हलत नसेल तर दोष केबलमध्ये किंवा टर्मिनलमध्ये आहे आणि संगणकातील कोणतीही फाइल बदलून उपयोग नाही. आरएक्स वाढतो पण एफईही त्याबरोबर वाढतो, तर वेग जुळत नाही. पीई वाढत असेल तर एका टोकाला सात बिट व सम पॅरिटी आहे आणि दुसऱ्या टोकाला आठ बिट विनापॅरिटी आहे, असा संशय घ्यावा. अशा वेळी काही अक्षरे बरोबर आणि काही चुकीची उमटतात, तर वेग चुकल्यास जवळजवळ सर्वच चुकतात.

माझ्याकडे सुट्टीनंतरच्या सकाळी टर्मिनलला कोणी हात लावण्याआधी ही फाइल वाचली, तेव्हा बीआरके आणि एफई हे दोन्ही आकडे आदल्या संध्याकाळी लिहून ठेवलेल्या आकड्यांपेक्षा वाढलेले होते. त्यानंतर एसटीटीवाय या आज्ञेला डॅश कॅपिटल एफ आणि पोर्टचे नाव देऊन वेग विचारला. टर्मिनल ९६०० वर बसवलेले होते आणि पोर्ट सांगत होता ११५२००. मी तर तो वेग कोठेही लिहिलेला नव्हता.

वेग कोण बदलतो

सिस्टिमडी, म्हणजे सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था, असलेल्या संगणकांवर सीरियल लॉगिनसाठी सीरियल-गेटी नावाची साचा-सेवा असते. तिच्या नावापुढे ॲट चिन्ह व पोर्टचे नाव जोडून ती सुरू करतात. ती आतून एगेटी हा पोर्टवर लॉगिन विचारणारा प्रोग्राम चालवते (अशा प्रोग्रामला गेटी म्हणतात), आणि त्याला मुळातच चार वेगांची यादी दिलेली असते: ११५२००, ५७६००, ३८४०० आणि ९६००. त्याच्या जोडीला कीप-बॉड हा पर्याय असतो, ज्याचा अर्थ असा की पोर्टवर आधीपासून जो वेग असेल तो तसाच ठेवून सुरुवात करावी. लिनक्सचा सीरियल पोर्ट, त्याला कोणी काही सांगितले नसेल तर, ९६०० वर असतो. त्यामुळे संगणक सुरू झाल्यावर पहिल्यांदा लॉगिन ९६०० वर येते, टर्मिनलही ९६०० वरच असते, आणि सर्व काही ठीक आहे असा आपला समज होतो.

यादीचे काम मात्र ब्रेक आल्यावर सुरू होते. ब्रेक म्हणजे रेषा एका अक्षराच्या कालावधीहून अधिक काळ शून्य अवस्थेत राहणे. डायल-अप मॉडेमच्या काळात समोरच्या माणसाला वेग जुळला नाही असे वाटले की तो ब्रेक कळ दाबत असे, आणि गेटी यादीतील पुढचा वेग लावून पुन्हा लॉगिन विचारत असे. सोय चांगलीच होती. आमच्या घडीखात्यात ब्रेक कळ कोणीही दाबत नाही. पण टर्मिनलचा विद्युतपुरवठा तोडताना किंवा जोडताना त्याच्या पाठवणाऱ्या तारेवर जो झटका जातो, तो संगणकाला ब्रेकसारखाच दिसतो. चौकट चुकलेले अक्षरही गेटीपर्यंत रिकामे, म्हणजे शून्य किमतीचे होऊन पोहोचले तर त्याचाही अर्थ वेग बदला असाच लावला जातो.

पहिल्या ब्रेकला एगेटी यादीतील पहिल्या वेगावर, म्हणजे ११५२०० वर जातो. दुसऱ्याला ५७६००, तिसऱ्याला ३८४०० आणि चौथ्याला पुन्हा ९६०० वर येतो. एखाद्या आठवड्यात आपोआप बरे का होत असे, याचे उत्तर यातच आहे: त्या सुट्टीत झटक्यांची संख्या नेमकी जुळून आलेली असे. सेवा पुन्हा सुरू करून उपयोग का होत नसे, तेही आता स्पष्ट होते. सीरियल पोर्टच्या ड्रायव्हरला शेवटचा वेग लक्षात राहतो, आणि नव्याने सुरू झालेला एगेटी कीप-बॉडच्या सांगण्यावरून तोच चुकीचा वेग जपून ठेवतो.

उपाय

मूळ सेवेची फाइल बदलू नये, कारण पुढच्या अद्ययावतीकरणात ती पुसली जाते. सिस्टिमसीटीएल एडिट या आज्ञेला सेवेचे पूर्ण नाव दिले की एक रिकामी पुरवणी फाइल उघडते. तीत सर्व्हिस या चौकटी कंसातील मथळ्याखाली दोन ओळी लिहाव्यात. पहिली ओळ एक्झेकस्टार्ट आणि त्यापुढे नुसते बरोबर चिन्ह, पुढे काहीही नाही. दुसरी ओळ पुन्हा एक्झेकस्टार्ट, बरोबर चिन्ह, आणि मग डॅश, /एसबिन/एगेटी, डॅश कॅपिटल एल, टक्के-कॅपिटल-आय, ९६००, व्हीटी१००. टक्के-कॅपिटल-आय या खुणेच्या जागी सिस्टिमडी पोर्टचे नाव घालते. पहिली रिकामी ओळ अनेकांना टंकनदोष वाटते आणि ते ती गाळतात. पण ती जुनी आज्ञा पुसण्यासाठी असते. ती नसेल तर एकाच सेवेला दोन आज्ञा झाल्या असे म्हणून सिस्टिमडी ती सेवा सुरू करण्यासच नकार देतो. त्यानंतर सेवा एकदा पुन्हा सुरू करावी.

वेग एकच दिलेला असल्यामुळे ब्रेक आला तरी जाण्याजोगा दुसरा वेग राहत नाही. ११५२०० सोडून ९६०० वर का राहावे, असा प्रश्न येथे येऊ शकतो. आठ बिट, विनापॅरिटी आणि एक थांबा बिट या रचनेत एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणून ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरे जातात, आणि ऐंशी स्तंभ व चोवीस ओळींचा, म्हणजे १९२० अक्षरांचा पूर्ण पडदा भरायला दोन सेकंद लागतात. गठ्ठ्यांची संख्या लिहिण्यासाठी तेवढे पुरेसे आहे. शिवाय आमची केबल पस्तीस मीटरच्या आसपास आहे. आरएस-२३२-सी या १९६९ च्या मानकात पन्नास फुटांची शिफारस होती, आणि पुढील आवृत्तीत लांबीऐवजी २५०० पिकोफॅरड धारकतेची मर्यादा आली. आम्ही त्या मर्यादेच्या पलीकडे आहोत, हे मी नाकारत नाही. कमी वेगावर ते खपून जाते, जास्त वेगावर खपणार नाही. नवी जोडणी करणाऱ्याने एवढ्या अंतरासाठी दोन्ही टोकांना आरएस-४८५ चे रूपांतरक लावावेत, असेच मी सांगेन.

केबल मागांच्या मोटारींच्या तारांबरोबर एकाच पत्र्याच्या पन्हळीतून नेलेली होती. ती वेगळी काढून भिंतीच्या दुसऱ्या बाजूने नेल्यावर एफईचा आकडा वाढणे जवळजवळ थांबले. आरएस-२३२ मध्ये दोन्ही बाजूंचा आधार एकाच सामाईक जमीन-तारेवर असतो, त्यामुळे कार्यालयाच्या आणि शेडच्या अर्थिंगमध्ये जो फरक असेल तो थेट संदेशात मिसळतो. अर्थिंगला मी दिलेला दोष अगदीच निराधार नव्हता, मात्र मुख्य कारण ते नव्हते.

लक्षण वेगळे असेल तर

लॉगिनची ओळच येत नाही, अक्षरे चुकीचीही येत नाहीत, असे असेल तर आधी तारा तपासाव्यात. नऊ पिनांच्या जोडणीत संगणकाकडे पिन २ घेण्याची, ३ पाठवण्याची आणि ५ जमिनीची असते. पंचवीस पिनांच्या टर्मिनलवर मात्र २ पाठवण्याची, ३ घेण्याची आणि ७ जमिनीची असते. या उलटसुलट क्रमांकांमुळे नऊ-पंचवीस केबल करताना २ ला २ व ३ ला ३ जोडणेच बरोबर ठरते, तर नऊ-नऊ केबलमध्ये ती दोन फुलीने जोडावी लागतात. शंका राहिली तर केबल संगणकाकडून काढून टर्मिनलच्या टोकाला जोडलेलीच ठेवावी आणि मोकळ्या टोकाच्या २ व ३ या पिना तारेच्या तुकड्याने एकत्र कराव्यात. टर्मिनलवर दाबलेले अक्षर त्याच पडद्यावर परत उमटले तर केबल व टर्मिनल दोन्ही निर्दोष आहेत. कंपनांमुळे जोडणीचे स्क्रू सैल होणे हा आमच्याकडचा नित्याचा प्रकार आहे, तेव्हा ते हातानेच नव्हे, स्क्रूड्रायव्हरने आवळावेत.

तीन तारांच्या केबलमध्ये वाहक-सूचक तार, म्हणजे सीडी, कोठेच जोडलेली नसते. ती उठण्याची वाट पाहणारा गेटी अनंतकाळ वाट पाहत राहतो आणि पडदा कोरा राहतो. वर दिलेला डॅश कॅपिटल एल हा पर्याय नेमका यासाठीच आहे: रेषा स्थानिक आहे, वाहकाची अपेक्षा धरू नये, एवढेच तो सांगतो. फ्रीबीएसडी या युनिक्स-प्रकारच्या प्रणालीवर हीच गोष्ट /ईटीसी/टीटीवायज या फाइलमध्ये टीटीवाययू० च्या ओळीत थ्रीवायर हा प्रकार लिहून साधते. त्या ओळीत ऑन-इफ-कन्सोल असेल आणि तो पोर्ट कन्सोल, म्हणजे यंत्रणेचे मुख्य टर्मिनल, नसेल, तर त्या जागी ऑन लिहावे आणि क्रमांक १ च्या प्रक्रियेला हँगअप संकेत पाठवावा, म्हणजे फाइल पुन्हा वाचली जाते. त्याच ओळीतील सिक्युअर हा शब्द काढला की रूटला त्या टर्मिनलवरून थेट लॉगिन करता येत नाही, आणि माझ्या मते सार्वजनिक जागेच्या टर्मिनलवर ते न येणेच चांगले.

जुन्या, सिस्टिमडीऐवजी इनिटटॅब या फाइलवरून सेवा सुरू करणाऱ्या संगणकावर लॉगिन थोडा वेळ येऊन मग पाच मिनिटे गायब होत असेल, तर मुख्य लॉगमध्ये ती ओळ फार वेगाने पुन्हा सुरू होत असल्याने पाच मिनिटांसाठी थांबवली आहे, असा संदेश सापडेल. बहुधा पोर्टचे नाव चुकलेले असते किंवा दुसरा प्रोग्राम तो पोर्ट धरून बसलेला असतो. याचाच एक गमतीदार प्रकार दोन संगणक एकमेकांना जोडलेले असताना आणि दोन्ही टोकांना गेटी चालू असताना दिसतो. एक म्हणतो लॉगिन, दुसरा ते नाव समजून पासवर्ड विचारतो, पहिला ते पासवर्ड समजून नकार देतो, आणि दोघे रात्रभर एकमेकांशी असे बोलत राहून लॉग भरून टाकतात. एका टोकाचा गेटी बंद करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

पोर्ट अंगचा नसून यूएसबी रूपांतरकाचा असेल तर वीज लुकलुकली की टीटीवाययूएसबी० चा टीटीवाययूएसबी१ होतो आणि गेटी जुन्याच नावापाशी राहतो. यासाठी यूडेव्हच्या, म्हणजे जोडलेली उपकरणे ओळखणाऱ्या व्यवस्थेच्या, नियमात त्या रूपांतरकाची ओळख देऊन, जे नाव मिळेल त्याच नावाची सीरियल-गेटी सेवा सिस्टिमडीने सुरू करावी, असे सांगता येते; मग वेगाची पुरवणी एका पोर्टच्या नावाने न ठेवता साच्याच्याच नावाने ठेवावी लागते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी ३.३ किंवा ५ व्होल्टची छोटी टीटीएल पट्टी मात्र टर्मिनलला थेट जोडू नये. आरएस-२३२ मध्ये धन व ऋण अशी दोन्ही व्होल्टता, पंधरापर्यंत, येऊ शकते, आणि संदेशाची दिशाही टीटीएलच्या उलट असते.

हीच रेषा संगणकाचे कन्सोल म्हणूनही वापरली जात असेल तर ब्रेकचे परिणाम लॉगिनपुरते राहत नाहीत. लिनक्सवर सिसआरक्यू ही प्रणालीच्या गाभ्याला थेट आज्ञा देण्याची सुविधा चालू असेल तर कन्सोलवरील ब्रेकनंतर पाच सेकंदांत आलेले अक्षर आज्ञा समजले जाते. जुन्या सन संगणकांवर तर कन्सोलचे टर्मिनल बंद केल्याने संपूर्ण यंत्रणा थांबून ओके अशी सूचना येत असे. म्हणून घडीखात्याचे टर्मिनल मी मुद्दामच कन्सोल केलेले नाही.

पुरवणी फाइल लिहिल्यापासून सुट्टीनंतरच्या प्रत्येक सकाळी बीआरकेचा आकडा पूर्वीसारखाच वाढलेला दिसतो, वेग विचारला की उत्तर ९६०० असेच येते, आणि लॉगिनची ओळ टर्मिनलवर उभी असते. मध्यंतरी एकदा मामांचा फोन आला होता, की पडदा गोठला आहे, कोणतीच कळ चालत नाही. धूळ बसू नये म्हणून कळफलकावर घडी करून ठेवलेल्या टॉवेलने एफ१ च्या जागची होल्ड स्क्रीन कळ दाबली गेली होती. ती पुन्हा दाबल्यावर काम सुरू झाले.